बंदीचे कलम शोधताना : मुंबई इलाख्यातल्या डॉक्टर-वैद्य नोंदणीचे कागद

‘इंग्रजांनी कायदा करून वैद्यांचा धंदा बंद पाडला’ हे वाक्य आयुर्वेदाच्या इतिहासावरच्या भाषणांत इतक्या वेळा ऐकू येते, की डॉक्टरांची नोंदणी सुरू करणारा १९१२ चा मुंबईचा वैद्यक कायदा वाचायला घेतला तेव्हा आम्हीही आधी बंदीचेच कलम शोधले. ते त्यात नाही. नोंदणी नसताना नाडी पाहिली, काढा दिला, गळू फोडले तर शिक्षा, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. तरीही वैद्य-हकीम त्या काळात अस्वस्थ झाले होते. १९१० साली दिल्लीत हकीम अजमलखानांनी वैद्य आणि हकीम यांना एका परिषदेत आणले, आणि मुंबईच्या कायद्यामागोमाग बाकीच्या इलाख्यांतही तसेच कायदे येत गेले तशी ही अस्वस्थता वाढतच गेली. बंदी नव्हती, तर माणसे घाबरली कशाला? हा प्रश्न समोर ठेवूनच पुढचे सगळे कागद वाचले. ते कसे वाचले आणि कुठे फसलो, हे इथे लिहिले आहे. आपल्या घराण्यातल्या वैद्याचा किंवा डॉक्टरचा माग काढणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

सुरुवात चुकीच्या टोकाने झाली. आधी वर्तमानपत्रे, मग दप्तरातली पत्रे आणि शेवटी कायदा, असा क्रम धरला होता. त्यात अडचण अशी, की वर्तमानपत्रांतली टीका विधेयकाच्या मसुद्यावर असते. विधेयक सिलेक्ट कमिटीकडे, म्हणजे ते तपासणाऱ्या निवडक सभासदांच्या समितीकडे जाते, तिथे कलमे गळतात, जोडली जातात, त्यांचे क्रमांक बदलतात. त्यामुळे टीकाकार ज्या कलमावर तुटून पडलेला असतो, ते त्या क्रमांकाला कायद्यात सापडत नाही. तिथे भलतेच काहीतरी असते. कायदा उलटा-सुलटा चाळून अर्थ लावत बसण्यात आमचे कित्येक दिवस गेले. मग क्रम बदलला : आधी मंजूर झालेला कायदा, मग मूळ विधेयक, मग सिलेक्ट कमिटीचा अहवाल आणि त्याला जोडलेली भिन्नमते, मग कायदेकौन्सिलातली भाषणे, आणि सगळ्यांत शेवटी वर्तमानपत्रे. विधेयक आणि कायदा शेजारी शेजारी ठेवून कलमांचा ताळा जुळवणारे एक साधे कोष्टक पहिल्याच दिवशी करून घ्यावे. पुढचा निम्मा गोंधळ तिथेच टळतो.

कायद्याची प्रतही नीट पारखून घ्यावी लागते. इंटरनेटवर किंवा वकिलांच्या जुन्या संग्रहांत मिळणारी प्रत बहुधा नंतरच्या दुरुस्त्या घालून छापलेली असते. ओळखायची खूण सोपी आहे. अधिकार कोणाला दिलेत ते पाहावे. ‘गव्हर्नर इन कौन्सिल’ असे शब्द असतील तर प्रत जुन्या रूपातली आहे. ‘प्रांतिक सरकार’ असेल तर १९३७ नंतरची. ‘राज्य सरकार’ दिसले तर १९५० नंतरची. १९१२ ची गोष्ट सांगायची आणि प्रत १९५० नंतरची वापरायची, ही चूक चांगल्या लेखांतही दिसते. मग मधल्या अडतीस वर्षांच्या दुरुस्त्यांचे खापर पहिल्या कायद्यावर फुटते. खात्रीची प्रत त्या वर्षाच्या सरकारी राजपत्रातलीच.

आता कायद्यात होते काय? नोंदवही, ती ठेवणारा रजिस्ट्रार, देखरेखीला मेडिकल कौन्सिल, आणि नोंदीला कोण पात्र याचे परिशिष्ट. मूळ साचा विलायतेच्या १८५८ च्या कायद्याचा. त्या कायद्याने नोंद नसलेल्याला रोगी तपासायला मनाई केली नव्हती, पण तीन गोष्टी काढून घेतल्या होत्या : फीसाठी कोर्टात दावा लावणे, सरकारी व सार्वजनिक नेमणुका, आणि कायद्याने लागणाऱ्या दाखल्यावर सही करणे. खोटी पदवी मिरवल्यास दंड होता २० पौंड. मुंबईच्या कायद्यात यांपैकी दोन गोष्टी ठळक दिसतात, नेमणूक आणि दाखला. कागदावर ही कलमे दोन-चार ओळींची आहेत, वाचताना नजर त्यांवरून सहज घसरते.

दाखल्याचे कलम मात्र संथपणे वाचायला हवे. गिरणी, रेल्वे, पोस्ट, शाळा, कचेरी अशा नोकऱ्या वाढत होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी आजारपणाची रजा दाखल्यावर मिळे. आगगाडीतला कारकून घरी वैद्याचेच औषध घेई आणि त्यानेच बराही होई. पण रजेसाठी त्याला नोंद असलेल्या डॉक्टरकडे जाऊन पैसे मोजून कागद आणावा लागे. एका जुन्या नोकरपुस्तकात आम्हाला असा अर्ज दिसला : वैद्याने मोडीत लिहिलेली चिठ्ठी, चतकोर कागदावर, तापाचे वर्णन अगदी नेमके, किती दिवस अंथरूण धरावे लागेल तेही लिहिलेले, आणि वर कचेरीतल्या कोणीतरी निळ्या पेन्सिलीने आडवी रेघ मारून ती परत केलेली. त्या रेघेत १९१२ च्या कायद्याचा सगळा परिणाम आहे असे आम्हाला वाटते. औषधाला कोणी हात लावला नाही. शब्दाची किंमत काढून घेतली.

परिशिष्ट वाचताना पदव्यांची अद्याक्षरे फसवतात. १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीच्या (भाऊ दाजी लाड याच तुकडीतले) नावापुढे जी.जी.एम.सी. (ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर) असे, कारण मुंबई विद्यापीठच १८५७ चे. नंतर विद्यापीठाची एल.एम., पुढे एल.एम. अँड एस., आणि मग एम.बी.बी.एस. यांतली एल.एम. ही सर्वांत घातक. मुंबईच्या पदवीत तिचा अर्थ वैद्यकाचा परवानाधारक, पण डब्लिनहून आलेल्या माणसाच्या नावापुढे तीच अक्षरे प्रसूतिशास्त्राची असतात. एकाच छापील यादीत दोन्ही एल.एम. दिसू शकतात. शेजारी विद्यापीठाचे किंवा गावाचे नाव आहे का ते पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. एल.सी.पी.एस. दिसले तर तो माणूस मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा, आणि ती संस्था १९१२ मध्येच स्थापन झालेली. म्हणजे त्याआधीच्या सालाला ही अक्षरे जोडलेली आढळली तर साल तपासावे.

वादाला कायद्याआधी तीसेक वर्षांचा इतिहास आहे. बॉम्बे मेडिकल युनियन १८८३ ची, आणि नोंदणीची मागणी त्याच दशकातली. ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून खासगी धंदा करणाऱ्या हिंदी (म्हणजे भारतीय) डॉक्टरांची कैफियत अशी : एका बाजूला लष्करी सेवेतून आलेले आय.एम.एस.चे (इंडियन मेडिकल सर्व्हिसचे) गोरे अधिकारी मोठ्या जागा अडवून बसलेले, दुसऱ्या बाजूला टपालाने पदव्या विकत घेऊन पाटी लावणारे लोक, आणि मध्ये आपण. त्यांना नोंदवही हवी होती ती या दोघांपासून वेगळे उठून दिसण्यासाठी. वैद्य-हकिमांचा मुद्दा वेगळा होता. इलाख्यातल्या बहुतेक रोग्यांना औषध आपणच देतो. सरकारने एका पद्धतीला शिक्का दिला की दुसरी आपोआप बिनशिक्क्याची ठरते. आज दाखला गेला, उद्या औषधही जाईल. सरकारी बाजू म्हणे, वैद्यांना या कायद्याचा उपसर्ग नाही. कायदेकौन्सिलातली भाषणे वाचताना लक्षात येते की तिघेही आपापल्या जागी खरे बोलत होते आणि ‘नोंदणी’ या एकाच शब्दाने तीन वेगळ्या गोष्टी सांगत होते. भाषणांच्या टिपणांत वक्त्याबरोबर तो यांपैकी कोणत्या अर्थाने बोलतो आहे हेही लिहून ठेवा, नाहीतर समर्थक आणि विरोधक यांची सरमिसळ होते. नोंदणीला पाठिंबा देणारे काही हिंदी डॉक्टर मेडिकल कौन्सिलवरच्या सरकारनियुक्त सभासदांच्या विरोधात होते. त्यांना सरकारधार्जिणे म्हणणे अन्याय होईल.

(गोव्याचे उदाहरण इथे आठवते. १६१८ साली तिथल्या नगरपालिकेने मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या परीक्षेशिवाय कोणी उपचार करू नये असे ठरवले आणि हिंदू वैद्यांची संख्या ३० वर आणून ठेवली. ती खरीखुरी बंदी होती. मुंबईच्या कायद्याला तीच पट्टी लावली की दोन्ही धूसर होतात.)

वर्तमानपत्रांकडे शेवटी आलो. मराठी पत्रांच्या जुन्या फायली सलग मिळणे कठीण, म्हणून बरेच अभ्यासक सरकारच्या साप्ताहिक गोषवाऱ्यांवर भिस्त ठेवतात. सरकारचे भाषांतरकार देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी सारांश काढून सरकारला देत, ते हे गोषवारे. उपयोगी आहेत, पण दोन सावधगिऱ्या हव्यात. पहिली : सारांशकार मूळ लेखातला युक्तिवाद गाळून रोख तेवढा ठेवतो. दुसरी : त्या इंग्रजीचे पुन्हा मराठी करून ते अवतरणचिन्हांत घालू नये. मूळ लेखात ‘वैद्य’ होता, ‘वैदू’ होता की ‘भोंदू’ होता, हे इंग्रजीवरून कळत नाही, आणि या वादात सगळा फरक त्या शब्दात आहे. डॉक्टर ज्याला भोंदू म्हणे त्याला पत्रकार वैदू म्हणे आणि वैद्य तर त्याला आपल्यात घ्यायलाच तयार नसे. मूळ अंक मिळाला तरच अवतरण द्यावे. तारखाही जुळवाव्यात. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिकला अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला, पण ते १९०९ मध्ये वारले. त्यामुळे १९१२ च्या कायद्यावर पदेशास्त्र्यांची म्हणून जी मते सांगितली जातात, ती त्यांची असूच शकत नाहीत. असली तर आधीच्या चर्चेवरची असतील.

दप्तरातले काम सर्वांत जास्त वेळ खाते. या काळात वैद्यकाचा कारभार मुंबई सरकारच्या जनरल डिपार्टमेंटकडे होता, म्हणून ‘मेडिकल’ नावाचे खाते शोधत बसू नये. अनुक्रमणिकेत पाहताना शब्दांची यादी आधी करून न्यावी : नोंदणी, मेडिकल कौन्सिल, देशी वैद्यक, हकीम, आणि इंग्रजीत वैद्य शब्दाची जी तीन-चार रूपे चालत ती सगळी. एका रूपाने शून्य नोंदी आणि दुसऱ्याने चाळीस, असे घडते. एका दप्तरखान्यात एक खंड नोंदीप्रमाणे हजर होता, पण आत भलत्याच सालचे कागद बांधलेले निघाले; हवे ते पुढच्या वर्षीच्या खंडात होते. कारण साधे आहे : प्रकरण ज्या वर्षी संपले त्या वर्षाच्या बाडात ते जाई, सुरू झाले त्या वर्षाच्या नव्हे. म्हणून मागणीपत्र भरताना हव्या सालासोबत पुढची दोन वर्षेही मागावीत. कागद कसर लागलेले, कडा पापडासारख्या. पान दोन्ही हातांनी खालून उचलावे, कोपऱ्याला धरून उलटू नये.

वैद्यांचे अर्ज यांतच सापडतात, इंग्रजी भाषांतराच्या मागे टाचलेले. भाषांतर वाचून पुढे जाऊ नका. मागचे मोडी पान पाहा. मोडीत शब्द सलग लिहिलेले आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, त्यामुळे नावे वाचताना गावाची खात्री करून घ्यावी लागते. तारीख शकात असेल तर चैत्रापासून इंग्रजी वर्ष संपेपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे. घरगुती वह्यांत मापे तोळा-मासा-गुंजेत : ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. वही अस्सल आहे का हे पाहायची ही एक चांगली कसोटी आहे. नंतर कोणी नक्कल केली असेल तर मापांत ग्रॅम शिरतात किंवा बेरजा चुकतात.

आणि इथेच, दप्तरात, आमच्या मूळ प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले. नोंदवहीतले नाव काढून टाकण्याचा अधिकार मेडिकल कौन्सिलला होता आणि विलायतेच्या परंपरेप्रमाणे नोंद नसलेल्याला आपल्या नावाची सावली देणे हा डॉक्टरचा अपराध समजला जाई. मुंबईत आयुर्वेदाचे कॉलेज चालवणारे डॉ. पोपट प्रभुराम वैद्य स्वतः एल.एम. अँड एस. होते. त्यांच्या कॉलेजची सुरुवात १८९६ ची, कायद्याच्या कितीतरी आधीची. १९१५-१६ च्या सुमारास मेडिकल कौन्सिलने या संबंधावरूनच त्यांना जाब विचारला आणि त्यांचे नाव नोंदवहीतून गेले. मद्रासेतही याच काळात डॉ. कृष्णस्वामी अय्यर यांना आयुर्वेदाच्या संस्थेशी संबंध ठेवल्याबद्दल समज मिळाली. रोग्याला अपाय झाल्याचा मुद्दा यांत नव्हता. दोन पद्धतींनी एका छपराखाली बसायचे नाही, एवढाच निकाल होता.

हे नीट समजून घेण्यासाठी साताऱ्याच्या आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाचे साल पाहा : १९१६. गंगाधरशास्त्री गुण्यांची नगरची आयुर्वेदाची शाळा : १९१७. नवी पिढी वैद्यकाला शारीर (शरीररचना) आणि शल्य (शस्त्रक्रिया) जोडू पाहत होती. प्रेतविच्छेदन शिकवायला ग्रँटमध्ये शिकलेला माणूस हवा. त्याने शिकवले तर त्याची नोंद धोक्यात. त्याने शिकवले नाही तर वैद्य शारीर शिकत नाही. आणि शारीर शिकत नाही म्हणून तो नोंदीला अपात्र. या चक्रातून सुटायला दोन दशके गेली. बंदीचे कलम नव्हते, पण शिकण्याची वाट अडली होती, आणि आमच्या मते हे बंदीपेक्षा जास्त खोलवर लागले.

१९१६ चा हिंदुस्थान सरकारचा वैद्यकीय पदव्यांचा कायदा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. तो पाश्चात्त्य वैद्यकाच्या बनावट पदव्यांविरुद्ध आहे आणि त्याच्या व्याख्येतच होमिओपथी, आयुर्वेद व युनानी बाहेर ठेवले आहेत. अधिकार नसताना पदवी देणाऱ्याला १००० रुपयांपर्यंत दंड. खोटी पदवी लावणाऱ्याला पहिल्या खेपेस २५०, पुन्हा केल्यास ५००. फिर्याद मात्र सरकारच्या हुकमाने किंवा सरकारच्या मंजुरीने मेडिकल कौन्सिलनेच करायची. फसलेला रोगी थेट कोर्टात जाऊ शकत नव्हता. खटले शोधायला गेलात आणि फारसे सापडले नाहीत, तर हे कारण ध्यानात ठेवावे.

पुढे १९३० मध्ये लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदी पदव्यांची मान्यता काढून घेतली, १९३३ मध्ये इंडियन मेडिकल कौन्सिल आले आणि त्याने लायसेन्शिएट (पदवीऐवजी पदविका असलेल्या) लोकांना बाहेर ठेवले. नोंदवहीच्या आतली माणसेही कोणाच्या तरी नोंदवहीबाहेर होती.

आम्ही १९१२ मध्ये शोधत असलेली बंदी शेवटी भेटली ती १९३८ मध्ये. बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ, आरोग्यमंत्री डॉ. गिल्डर, आणि कायदा मुंबईचा मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट. वैद्य-हकिमांना नोंद देणाऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक. त्यानेच नोंद नसलेल्याने धंदा करू नये असेही ठरवले. म्हणजे वैद्याला मान देणारा आणि बिननोंदीच्या वैद्याला दारातून परत पाठवणारा कायदा एकच, आणि तो आपल्याच लोकांनी निवडून दिलेल्या सरकारचा. त्यात दोन वेगळ्या जागा आहेत, त्या एक समजू नयेत : परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नोंदवही, आणि परीक्षा नाही पण ठरलेल्या तारखेला नियमित धंदा करत होता अशांची यादी. आजोबांच्या पाटीवर ‘रजिस्टर्ड’ आहे म्हणून ते पदविकाधारक असतीलच असे नाही; ते यादीतले असू शकतात. नुसत्या आर.एम.पी. (रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर) या अक्षरांवरून तर कोणता कायदाही कळत नाही. क्रमांक आणि साल मिळवा, मग बोला. नावापुढे डी.ए.एस.एफ. ही आयुर्वेदाची पदविका असेल तर तो १९३८ च्या कायद्यानंतरच्या शिक्षणाचा; ‘आयुर्वेद विशारद’ असेल तर बहुधा टिळक महाराष्ट्र विद्यापीठाच्या परंपरेचा.

शोध घेण्याआधी नकाशा पाहावा. मुंबई इलाख्याच्या वहीत अमरावती-नागपूरचा माणूस सापडणार नाही. मध्य प्रांताचा कायदा वेगळा, १९१६ चा. औरंगाबाद-बीड निजामाच्या राज्यात. कोल्हापूर, सांगली, औंध ही संस्थाने. उलट १९३६ पर्यंत सिंध आणि पुढेही गुजरात, धारवाड, बेळगाव मुंबईतच, म्हणून याद्यांत ती नावे दाटीने येतात.

हाडवैद्य आणि सुईण यांच्यासाठी आम्ही वेगळे टाचण ठेवले होते. सुईणींच्या बाजूने १९३५ चा परिचारिका-सुईणी नोंदणीचा कायदा आहे, पण तो प्रशिक्षण घेतलेल्यांचा. गावात हाड बसवणारा, बाळंतपण करणारी, यांनी नोंदणीच्या बाजूने किंवा विरुद्ध काय म्हटले ते पाहायला सगळी बाडे चाळली. त्यांचा एकही अर्ज मिळाला नाही.